स्त्रियांच्या विभागावरचा वळसा

तो वळसा शेवटी राहिला. रुग्णालयाच्या स्त्रियांच्या विभागावर, छताच्या पोटात, सरळ चाललेला हवेचा डक्ट मध्येच चार कोपरं घालून बाजूला होतो आणि थोडं पुढे जाऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, पुन्हा आपल्या रांगेत येतो. तो अजूनही तसाच आहे, आणि मॅडम द्वोमोंच्या फाइलीत त्याच्यापुढे जे कारण नोंदलं आहे ते वाचून आजवर एकही अधिकारी हसलेला नाही. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे आता विसरायला मोकळे. कारण त्या सोमवारी सकाळी यातलं काहीही झालेलं नव्हतं. कुमासीत ऊन तापायला लागलं होतं, खालच्या ‘देव अजून बघतोय फ्रिज रिपेअर्स’ या दुकानात कुणीतरी एका फ्रिजला बडवत होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात फ्रेमा आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसून एका लाल ढगाकडे पाहत होती.

लाल ढग म्हणजे हरकत. नकाशे तपासणारा एक माणूस राजधानीत, अक्रात बसतो, आणि शीटवर जिथे त्याला काही खटकतं तिथे लाल रेघेने ढगासारखी नक्षी काढून शेजारी दोन शब्द टाकतो. त्याला कुणी पाहिलेलं नाही. ढग मात्र नेमाने येतात. या ढगाशेजारी त्याने लिहिलं होतं, ‘वळशाला दिसण्यासारखं कारण नाही. कारण द्या किंवा सरळ करा.’ फ्रेमाने ते वाक्य पुन्हा वाचलं. वाक्य वळशाबद्दल होतं हे तिला कळत होतं, पण ते वाचताना आपल्याच पाठीच्या कण्यात कुणीतरी बोट घालून पाहावं तसं तिला वाटलं. तिची आई, शेजारी आणि चर्चमधल्या बायका गेली काही वर्षं तिच्याबद्दल साधारण हेच म्हणत होत्या.

“ढग आला का?” पलीकडच्या टेबलावरून पानिनने विचारलं. पानिन म्हणजे जुळ्यांतला थोरला. तो विजेच्या तारांचे नकाशे लावायचा, आणि धाकटा आपल्यापेक्षा देखणा आहे हे दुःख ऑफिसात सगळ्यांना पुरवून वापरायचा. “तुझ्या शीटवर ढग? आज फ्रिज बरा होणार बघ खालचा.”

“माझ्यावर नाही. डक्टवर आहे.”

“सगळे असंच म्हणतात. माझ्यावर आला तेव्हा मीही तारेवर आहे म्हणालो होतो.”

एरवी फ्रेमाच्या शीटवर ढग येत नसत, हे खरं होतं. तिचं काम सांगायला सोपं आणि लग्नाच्या बैठकीत समजावायला अशक्य. इंजिनियर लोक कॉम्प्युटरमध्ये अख्खी इमारत उभी करतात, भिंती, खांब, पाइप, डक्ट सगळं जिथल्या तिथे. त्या इमारतीला मजल्यामजल्याने आडवं कापून कागदाएवढ्या शीटवर नीट मांडायचं, हे तिचं काम. यंत्रांच्या नकाशात भिंती काळ्या दाखवायच्या नसतात. आर्किटेक्टची ती सगळी मेहनत, दारं, खिडक्या, पायऱ्या, करड्या रंगात खाली पसरायची, आणि वरून आपले डक्ट ठळक काळे काढायचे. मग उत्तरेचा बाण. मग खोल्यांची नावं, एकही नाव कुठल्या रेघेवर बसणार नाही अशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकेका मजल्याचं चित्र प्रत्येक शीटवर नेमकं त्याच जागी ठेवायचं. पान उलटलं तर इमारतीने उडी मारता कामा नये. फ्रेमाच्या शीटांवर इमारत कधी उडी मारत नसे. ती चाळताना वाटे, एक समजूतदार इमारत मजला मजला आपणहून सांगते आहे. हे तिला कुणी शिकवलं असेल तर वोफांनी. वोफा म्हणजे मामा. ते ऑफिसात कुणाचेच मामा नव्हते आणि म्हणून सगळ्यांचे होते. मॅडम द्वोमोसुद्धा, ज्या त्यांना पगार देत, त्यांना वोफाच म्हणत. त्यांचं खरं नाव काय ते पगाराच्या दिवशी कळायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळे आदराने विसरायचे. इतकंच काय, मॉडेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या त्या इमारतीत, काम करताना जे नाव टाकावं लागतं तिथेही त्यांनी ‘वोफा’ असंच टाकलं होतं, म्हणजे मशीनवर चुकूनही त्यांना नावाने हाक मारायची वेळ येऊ नये.

मॅडम द्वोमो आतल्या खोलीतून ‘वाक्ये’ या जेवणाचा डबा हातात घेऊनच बाहेर आल्या. भात, चवळी आणि वर मिरचीची काळी चटणी. वास आधी आला, मॅडम मागाहून. “पाहिलास ढग? मग सरळ कर. अक्रावाल्याला संध्याकाळपर्यंत सगळं पाठवायचंय. रुग्णालयाचं नवं यंत्र त्याच डक्टला जोडायचंय, आणि वळशात हवेचा जोर उगाच मरतो.”

“पण तो बांधलेला आहे, मॅडम. छतात आहे तो.”

“मग पत्रेवाले येतील, काढतील, सरळ तुकडा बसवतील. अगं, वळसा काही भिंत चुकवत नाही, खांब चुकवत नाही. मी पाहिलं. तो कशाला घाबरून बाजूला झालाय तेच कळत नाही.” मॅडमनी डबा उघडून पुन्हा बंद केला. “तुझ्याकडे कारण असेल तर सांग. चांगलं कारण असलं तर मी स्वतः अक्रावाल्याशी भांडेन, तुला माहितीये, मला आवडतं. पण कारण माझं जेवण होईपर्यंत मिळालं पाहिजे. त्यानंतर मला झोप येते.”

मॅडम आत गेल्या. फ्रेमा डक्टकडे पाहत राहिली. तिला एवढंच माहीत होतं की हा तुकडा वोफांनी काढलेला आहे, आणि वोफा कारणाशिवाय खुर्चीसुद्धा सरकवत नसत. ती पडद्यावर इमारत फिरवून फिरवून पाहू लागली. खालून पाहिलं, बाजूने पाहिलं, भिंती काढून टाकल्या, पुन्हा लावल्या. वळसा एका मोकळ्या चौकोनाला बगल देत होता, एखाद्या झोपलेल्या माणसाला ओलांडू नये म्हणून घरातलं कुणी कडेकडेने जावं तसा, आणि त्या चौकोनात काहीच झोपलेलं नव्हतं. तिला उगाच आईची आठवण झाली. याच विभागात, याच वळशाखाली, आईची खाट होती. पित्ताचे खडे काढले होते. छताची एक फरशी कुणा मिस्त्रीने दुरुस्तीला काढली होती आणि रिवाजाप्रमाणे परत लावली नव्हती, त्यामुळे तिथून डक्टचं कोपर दिसायचं, पत्र्याचं, कुणीतरी नुकतंच मुडपलेल्या बाहीसारखं. एका दुपारी जागरणाने थकून फ्रेमा खाटेशेजारी जमिनीवरच आडवी झाली होती, आणि नर्स येऊन म्हणाली होती, “आजारी कोण आहे, वरची की खालची?” आई म्हणाली, “दोघी ठेवून घ्या, औषध एकीलाच द्या.” मग आईने वर बोट दाखवलं. “तुमचा हा वारा इथे आला की हळू बोलतो. बाकी सगळीकडे नुसता ओरडतो. इथे माझ्या डोक्यावर आला की तुझा बाप चर्चमध्ये कुजबुजल्यागत.” फ्रेमाला तेव्हा अभिमान वाटला होता. या शीटवर या खोलीचं नाव मी लिहिलंय, असं तिने आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, “नाव कशाला, मला माहितीये मी कुठे आहे.” वळसा का आहे हे मात्र फ्रेमाने विचारलं नाही. चालू असलेल्या गोष्टीला कोण कारण विचारतो. सरळ डक्ट का सरळ आहे असं तरी कोण विचारतं.

आणि मग एक बारीकशी गोष्ट तिच्या मनात येऊन बसली. मागच्या आठवड्यात, नव्या शीटा लावताना, रुग्णालयाने विभागांची नावं बदलली म्हणून तिने जुनी नावं पुसली होती. स्वतःच्या हाताने, एकेक करून, कणसावरचे दाणे काढावेत तशी. म्हणजे तिने या जागेवरून काहीतरी काढलं होतं. ती उठली आणि कोपऱ्यातल्या गुंडाळ्यांत हात घातला. पहिल्या बांधकामाच्या वेळचे छापलेले नकाशे तिथे उभे असत, वोफा निवृत्त झाल्यापासून कुणी न झटकलेले. तिने ती शीट टेबलावर पसरली, एका टोकाला पाण्याची पिशवी ठेवली, दुसऱ्या टोकाला पानिनचा चार्जर. वळशाच्या पोटात, त्या मोकळ्या चौकोनात, चारी बाजूंनी सारखी जागा सोडून, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखं, तिचं अक्षर बसलं होतं. ‘स्त्रियांचा विभाग’, आणि खाली हवेबद्दलची टीप, तिने आयुष्यात शीटवर लिहिलेला पहिला मजकूर. त्यात एक शब्द चुकलेलाही होता. वळसा अक्षरांना बगल देत होता.

फ्रेमा खाली बसली. खालच्या दुकानात फ्रिजने एक उसासा टाकला आणि पुन्हा गप्प झाला. तो दिवस तिला लख्ख आठवत होता, पण आता तो दिवस हळूहळू मागून उघडायला लागला, पाठीवर गुंड्या असलेल्या झग्यासारखा. ती नवी होती. रुग्णालयाची माणसं नकाशे पाहायला अचानक आली होती, दारातून आत यायच्या आधीच बूट वाजवत. पाहुणा कुठलाही असो, बसवायचं, पाणी द्यायचं, आणि पाणी पिऊन झाल्याशिवाय काय काम काढलंत म्हणून विचारायचं नाही. मोठमोठे करार आपल्याकडे त्या पाण्याएवढ्या वेळात सावरले जातात. “फ्रेमा, पाणी आण,” वोफा म्हणाले होते. ती धावत खाली गेली, पाण्याच्या थंड पिशव्या घेतल्या, दुकानदाराने सुट्टे नाहीत म्हणून तिला देवाबद्दल काहीतरी ऐकवलं, आणि ती वर आली तेव्हा शीट छापून टेबलावर होती आणि मॅडम ती हातात धरून उजेडाकडे नेत होत्या. “या खोलीचं नाव कोणी लिहिलं?” मॅडम म्हणाल्या. “स्वच्छ आहे,” मॅडम म्हणाल्या. “बघा, असं बसवायचं असतं. एकाही रेघेला लागत नाही.” रुग्णालयाच्या माणसांनी माना हलवल्या. वोफा खिडकीबाहेर पाहत होते. त्या एका वाक्यावर फ्रेमा कितीतरी वर्षं चालत आली होती. आपल्याला जागा दिसते, आपल्या हाताला कळतं कुठे काय ठेवायचं, हे तिला त्या दिवशी समजलं असं तिला वाटत होतं, आणि त्या समजण्यावर तिने पुढची सगळी रुग्णालयं, दोन बँका आणि एक पोहण्याचा तलाव कागदावर बसवला होता.

पण आता तिला आठवलं की पाणी आणायला जाण्यापूर्वी तिने तो मजकूर थेट डक्टच्या रेघेवरच टाकला होता. घाईत. काळ्यावर काळं. वाचता येण्यासारखं नव्हतंच. मजकूर हललेला नव्हता. डक्ट हलला होता.

तिने डोळे मिटले. वोफा बोर्डवर शिकलेले. टेबलाएवढ्या लाकडी पाटीवर शाईने नकाशे काढून ते म्हातारे झाले, मग कॉम्प्युटर आला, आणि तेही मुकाट्याने आले, फक्त सवय बरोबर घेऊन आले. पाटीवर अडचण झाली की रेघ थोडी सरकवायची. कागदावर रेघ सरकवली की रेघच सरकते, इमारतीला काही कळत नाही, बांधणारे समजून घेतात. मॉडेलमध्ये तसं नसतं. इथे रेघ सरकवली की इमारत सरकते. वोफांनी बिचारी एक रेघ बाजूला केली, आणि सॉफ्टवेअरने एका शब्दाने न विचारता चार कोपरं घातली, पत्र्याच्या यादीत पत्रा वाढवला, यादी पत्रेवाल्यांकडे गेली, पत्रेवाल्यांनी घाम गाळून चार कोपरं मुडपली, छतात चढवली, आणि आईच्या डोक्यावर वारा कुजबुजायला लागला. एका पोरीचा मजकूर वाचता यावा म्हणून अख्ख्या रुग्णालयाने थोडं अंग चोरलं होतं.

पण मग मजकूरच का नाही हलवला? अक्षर उचलायचं, बाजूला ठेवायचं; डक्टपेक्षा हलकं असतं ते. या प्रश्नावर ती जरा जास्त वेळ थांबली, आणि उत्तर आलं तेव्हा तिचे कान गरम झाले. एका मॉडेलमध्ये सगळे एकाच वेळी काम करतात. तुम्ही ज्या वस्तूला हात लावता ती तुमच्या नावावर होते, आणि तुम्ही सोडेपर्यंत दुसऱ्या कुणाला हलवता येत नाही. मजकूर फ्रेमाच्या नावावर होता. ती तो न सोडताच पाण्याला पळाली होती. वोफांनी त्याला हात लावला असणार, आणि मशीनने त्यांना सांगितलं असणार, ही वस्तू फ्रेमाची आहे, फ्रेमाची परवानगी मागा. आणि ती पाणी वाटून आपल्या जागेवर येऊन बसली तेव्हा तिच्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडलेली होती. तिने ती वाचली नव्हती. नव्या माणसाला सगळ्याच चौकटी चूक झाल्याच्या वाटतात. तिने घाईने फुली दाबून ती बंद केली आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. त्या चौकटीत ओझरता दिसलेला ‘वोफा’ असा शब्द तिला आता आठवला, आणि ‘विनंती’ असा. ज्या माणसाला या ऑफिसात कुणी नावाने हाक मारत नसे, ज्याच्या आधी कुणी दारातून बाहेर पडत नसे, त्याने पाहुण्यांच्या समोर, आठवडाभरापूर्वी आलेल्या पोरीकडे रीतसर परवानगी मागितली होती. ती मिळेना तेव्हा तिची वस्तू तिथेच ठेवून आपली बाजूला केली होती.

“तुला काय झालं?” पानिन म्हणाला. “धाकट्याला पाहिल्यासारखी दिसतेस.”

“पानिन, मेदासे म्हणजे नेमकं काय?”

“म्हणजे आभार. तुला कधी मानायची वेळ आली नाही वाटतं?”

“तसं नाही. एकेक शब्द.”

पानिनने विचार केला. रोजचा शब्द, कुणी उघडून पाहत नाही. “मी पडतो. तुमच्या. खाली,” तो म्हणाला. “म्हणजे, मी तुमच्या खाली आडवा पडतो. अरे, हे भलतंच आहे. मी काल टॅक्सीवाल्याला म्हणालो.”

फ्रेमा पुन्हा शीटकडे वळली. करड्या भिंती डक्टच्या खाली पसरल्या होत्या, दारं, खिडक्या, खाटा, सगळी इमारत पाठीवर आडवी पडून वरच्या काळ्या रेघा नीट दिसू देत होती. इतकी वर्षं रोज ती हा रंग उतरवत आली होती, आणि त्याला नाव आहे हे तिला माहीत नव्हतं. तिच्या छातीत काहीतरी भरून आलं, आणि ते दुःख नव्हतं, म्हणून तिला त्याचं काय करायचं ते कळेना. आपण सावरलो ते आपल्या हाताच्या गुणाने नाही, एका पत्र्याने बाजूला होऊन जागा दिली म्हणून, हे कळल्यावर खरं तर वाईट वाटायला हवं होतं. तिने वाटून पाहिलं. वाटेना. आपण किती मोठ्या जागेत लिहीत आलो एवढंच वाटत राहिलं.

आतल्या खोलीत चमचा डब्याच्या तळाला लागल्याचा आवाज आला. कारण हवं होतं. तिच्याकडे कारण होतं, जगातल्या कुठल्याही डक्टला नसेल इतकं चांगलं, आणि ते अक्रावाल्याच्या रकान्यात मावणारं नव्हतं. मग तिने वोफांना फोन लावला. वोफा आता एफिदुआसेला आपल्या घरी असत आणि अक्रांतिए पाळत, म्हणजे उंदराच्या सोंगातला ससा, खायला चांगला आणि वागायला वाईट.

“वोफा, कालच्याबद्दल आभार मानायला फोन केलाय,” ती म्हणाली. कुणी काही केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पुन्हा आभार मानायचे, त्याशिवाय पहिले आभार लागू होत नाहीत. बोलायची पद्धत ती हीच.

“काल?” वोफा म्हणाले. “काल मी काय केलं? काल तर मला चावला तो. नर. तूच पाठवला होतास का?”

“तसं नाही, वोफा. रुग्णालयाचा तो डक्ट. स्त्रियांच्या विभागावरचा. त्यात वळसा आहे.”

“असेल.”

“तुम्ही घातलात.”

“मी कशाला घालीन? कोपर लागलं असेल माझं कळांना. टेबल लहान होतं.”

“वोफा, तिथे चार कोपरं आहेत.”

पलीकडे कुणीतरी पिंजऱ्याची जाळी कुरतडत होतं. “दोन माझी,” वोफा म्हणाले. “दोन तुझ्या मॅडमची असतील. सारखी खुर्चीमागे उभी असायची.”

“तुम्ही माझ्याकडे परवानगी मागितली होती.”

“मी? तुझ्याकडे?” ते हसले, जरा लवकरच. “पोरी, मी बायकोकडे मागितली नाही कधी. विचार तिला, इथेच आहे. नको, नको विचारूस.”

“ते आता सरळ करायला सांगतायत. मी काय करू?”

“सांगतायत तर कर. पत्रा आहे तो, कुणाचा मुलगा नाही.”

“मेदासे, वोफा.”

“येन्नासे,” ते म्हणाले. म्हणजे, आपल्यात कुणी कुणाच्या खाली पडायचं नसतं. मग जरा थांबून, फोन दूर धरून बोलावं तसं, “पाणी दिलं होतंस का त्यांना त्या दिवशी?”

“दिलं होतं.”

“मग झालं तर,” वोफा म्हणाले, आणि पिंजऱ्याच्या दिशेने कुणालातरी काहीतरी सुनावलं, आणि फोन बंद झाला.

आता कारण नव्हतं. करणाऱ्यानेच नाही म्हटलं होतं. फ्रेमाने माउस हातात घेतला, वळशावर नेला, सरळ करण्यासाठी डक्टला हात लावला. हे तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं, की तिने खरोखर हात लावला होता. मशीनने टुण्ण असा आवाज केला. पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट उघडली. यावेळी तिने ती वाचली. ‘ही वस्तू वोफा यांच्या ताब्यात आहे. ती बदलायची असल्यास वोफा यांची परवानगी मागा.’ निरोपाच्या दिवशी त्यांनी टेबल आवरलं, चष्म्याचं घर घेतलं, खुर्ची आत सरकवली, आणि अख्ख्या मॉडेलमधली आपली प्रत्येक वस्तू सोडून दिली होती. हा एक तुकडा राहिला होता. विसरून की कसा, ते आता कोण सांगणार. विचारलं तर म्हणतील कोपर लागलं.

“कारण?” दारातून मॅडम म्हणाल्या, रुमालाने हात पुसत.

“परवानगी मिळालेली नाही, मॅडम.”

“कुणाची?”

“वोफांची. वस्तू त्यांच्या ताब्यात आहे.”

मॅडम पडद्यासमोर आल्या. चौकट त्यांनी सावकाश वाचली, ओठ हलवत. मग त्यांनी खिडकीजवळच्या वोफांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, जिच्यावर अजून कुणी बसत नसे. “नाव बदलून करता येतं असं ऐकलंय मी,” त्या म्हणाल्या, पण आवाज थोडा खाली आला होता. “आपणच त्यांचं नाव टाकायचं. मग मशीनला वाटतं तेच आहेत.”

“करता येतं,” पानिन म्हणाला. “वोफा बनून बसायचं आणि स्वतःला परवानगी द्यायची. मॅडम, तुम्ही बनता का? मी बनलो असतो, पण मी आधीच एका माणसासारखा दिसतो.”

खालचा फ्रिज अचानक सुरू झाला, आणि दुकानात कुणीतरी देवाचे मोठ्याने आभार मानले. मॅडमनी खुर्चीवरून नजर काढली. “मागितलीस का परवानगी?”

“मागतेय.”

“मग अक्रावाल्याला तेच लिही. परवानगी प्रलंबित. मिळेपर्यंत आहे तसं. त्याच्याकडे असा रकाना आहे, मी पाहिलाय.” त्या आत जायला निघाल्या, आणि दारात थांबल्या. “आणि ते नाव परत टाक तिथे. मोकळं मोकळं दिसतं.”

फ्रेमाने मजकूर परत आणला. विभागाचं नवं नाव लिहिलं, जुन्या जागी, चारी बाजूंनी सारखी जागा सोडून; वळसा आधीपासूनच वाट पाहत असल्यासारखा होता. मग तिने चौकटीत विनंतीचा मजकूर लिहून ‘विनंती पाठवा’ हे बटण दाबलं, आणि पाठवलेल्या विनंतीची नोंद छापून अक्रावाल्याच्या पत्राला जोडली, कारण अक्रावाल्याला जोडलेलं काहीतरी लागतं.

‘प्रति, वोफा. विषय: ताबा सोडण्याबाबत. आपल्या ताब्यातील हवेचा डक्ट, स्त्रियांचा विभाग, चार कोपरांसह, सरळ करणे प्रस्तावित आहे. सदर कोपरे कोणाची आहेत याबाबत मतभेद असले तरी ताबा आपलाच असल्याचे दिसून येते. तरी आपण आपल्या नेहमीच्या खुर्चीवर येऊन, आपल्या नावाने, सदर वस्तू सोडावी. आपली परवानगी येईपर्यंत वस्तू जागेवरून हलवली जाणार नाही. अर्जदार आपल्या खाली आहे. कालच्याबद्दल आभार. सवडीने परंतु लवकरात लवकर परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’